‘कॉमिकमध्ये असं नव्हतं’च्या पुढे: कॉमिकवरच्या सिनेमावर धड मत कसं द्यावं

सुपरहीरोचा नवा सिनेमा लागला की पहिल्याच रात्री दोन वाक्यं सगळीकडे फिरायला लागतात. ‘कॉमिकमध्ये असं नव्हतं’ हे एक आणि ‘कॉमिक वाचलेल्यांनाच कळेल’ हे दुसरं. वाचणाऱ्याच्या हाती दोन्हींतून काही लागत नाही. काय बदललं, ते बदलणं का भाग पडलं आणि त्या बदलाने गोष्टीचं काय झालं, एवढं सांगितलं की ते मत होतं. त्याला थोडा अभ्यास लागतो, पण फार नाही. एक शनिवार-रविवार पुरतो.

आधी सिनेमा कशावरून घेतलाय ते ठरवा

कॉमिकवरचे सगळे सिनेमे एका जातीचे नसतात आणि निम्मे वाद इथेच सुरू होतात.

काही सिनेमे एकाच, संपलेल्या पुस्तकावर असतात. ‘वॉचमेन’ हे त्याचं ठळक उदाहरण: अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे १२ अंक, १९८६-८७चे, आणि त्यावरचा झॅक स्नायडरचा २००९चा सिनेमा. ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’, ‘सिन सिटी’, ‘३००’ हेही याच जातीचे. इथे प्रसंगाला प्रसंग लावून तुलना करता येते, करावीच.

दुसऱ्या जातीत नाव आणि सांगाडा एका कथामालिकेचा असतो, पण आत गोष्ट सिनेमाची. ‘सिव्हिल वॉर’ (सरकारी कायद्यावरून सुपरहीरोंमध्ये झालेली यादवी) या कॉमिकचे मुख्य अंक ७ (२००६-०७, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन) आणि सिनेमा २०१६चा. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ तर मुळात ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १४१ आणि १४२ या दोनच अंकांत संपते (१९८१), आणि तिच्यावर २०१४मध्ये दोन तासांहून मोठा सिनेमा झाला. इथे तपशील जुळवत बसू नका. सांगाडा तोच राहिला का, आणि मूळ पेच तोच आहे का, एवढं बघा.

तिसरी जात सगळ्यात अवघड, कारण इथे नुसतं पात्र उचललेलं असतं. २०१९चा ‘जोकर’ कुठल्याही एका कॉमिकवर बेतलेला नाही. अपयशी विनोदी नट ही कल्पना १९८८च्या ‘द किलिंग जोक’शी जुळते, पण त्याच पुस्तकात जोकर सांगतो की आपला भूतकाळ आपल्याला कधी असा आठवतो, कधी तसा. मूळ लेखकानेच दार उघडं ठेवलंय म्हटल्यावर ‘खऱ्या जोकरची गोष्ट अशी नव्हती’ या वाक्यात काही उरत नाही.

कुठली जात ते ओळखायला सिनेमाच्या शेवटच्या नामावलीला थांबा. मार्व्हलच्या सिनेमांत पोस्ट-क्रेडिटसाठी, म्हणजे नामावलीनंतरच्या प्रसंगासाठी, थांबावं लागतंच. त्या वेळात ‘विशेष आभार’ खालची नावं वाचून घ्या. तिथे कॉमिकचे लेखक-चित्रकार असतात, आणि त्यावरून कुठल्या काळातला माल उचललाय ते कळतं. नाव नसणंही बोलकं असतं. ‘वॉचमेन’च्या नामावलीत डेव्ह गिबन्स आहेत, अ‍ॅलन मूर नाहीत, कारण त्यांनी स्वतःच नाव काढायला लावलं.

काय वाचायचं, किती वाचायचं

अमेरिकन मासिक अंकात कथेची साधारण २०-२२ पानं असतात. चित्रं बघत, घाई न करता वाचलं तर एका अंकाला १५ ते २० मिनिटं. म्हणजे ‘सिव्हिल वॉर’चे ७ अंक अडीच तासांच्या आत उरकतात, सिनेमाही जवळपास तेवढाच. ‘द इन्फिनिटी गॉन्टलेट’चे ६ अंक (१९९१), ‘द डार्क नाइट रिटर्न्स’चे ४ (१९८६), ‘डार्क फिनिक्स’साठी ‘अनकॅनी एक्स-मेन’ १२९ ते १३८ (१९८०). ‘वॉचमेन’ला मात्र जास्त वेळ ठेवा. बहुतेक अंकांच्या शेवटी नुसता मजकूर असतो: आत्मचरित्राची प्रकरणं, कात्रणं, अहवाल. तो गाळून वाचणारे बरेच आणि नंतर ‘हा धागा सिनेमाने मध्येच आणला’ म्हणणारेही तेच.

अनेक मालिकांत पसरलेल्या मोठ्या कथेला, म्हणजे इव्हेंटला, फुटणारे फाटे, म्हणजे टाय-इन अंक, पहिल्या फेरीत वाचू नका. ‘सिव्हिल वॉर’चे टाय-इन शंभराच्या घरात जातात आणि त्यांतल्या बऱ्याच अंकांत एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या बाजू आहेत. मुख्य ७ आणि त्यानंतरचा ‘कॅप्टन अमेरिका’ क्रमांक २५ (२००७), जिथे कॅप्टनला गोळ्या लागतात, एवढं बास.

अंकांच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली क्रमांकाची. प्रकाशक दर काही वर्षांनी मालिका पुन्हा १पासून सुरू करतात, त्यामुळे नुसतं ‘आयर्न मॅन क्रमांक १’ म्हटलं तर ते कुठलंही असू शकतं. ‘एक्स्ट्रीमिस’ ही कथा चौथ्या मालिकेच्या १ ते ६ अंकांत आहे, २००५-०६मधल्या. म्हणून क्रमांकाबरोबर साल नेहमी लिहा. दुसरी फसगत तारखेची. कव्हरवरचा महिना विक्रीच्या पुढचा असतो. सुपरमॅन मरतो तो ७५वा अंक दुकानांत आला नोव्हेंबर १९९२मध्ये, पण त्यावर छापलंय जानेवारी १९९३. कुठली तारीख देताय ते ठरवा आणि लेखभर तीच धरा.

आधी सिनेमा की आधी कॉमिक? आधी सिनेमा. कॉमिक आधी वाचलं की पहिल्यांदा बघतानाच डोकं हिशेब मांडायला लागतं आणि सिनेमा सिनेमा म्हणून कसा वाटला हे कायमचं हरवतं. ते पहिलं मत एकदाच मिळतं. सिनेमा बघून आल्या रात्री पाच-सहा ओळी लिहून ठेवा: कुठे कंटाळा आला, कुठे पोटात गोळा आला, काय कळलं नाही. मग कॉमिक. मग जमलं तर घरी, थांबवत थांबवत, दुसऱ्यांदा सिनेमा. कॉमिक आधीच पाठ असेल तर हा क्रम पाळता येणार नाही. मग निदान कॉमिक न वाचलेल्या एखाद्याला सोबत न्या आणि त्याला कुठे प्रश्न पडतात ते ऐका.

पाच प्रसंग आणि चार रकाने

अख्खा सिनेमा ताडून बघायची गरज नाही. पाच जागा निवडा: नायक पहिल्यांदा दिसतो ती, तो मोठा निर्णय घेतो ती, सगळ्यात मोठं नुकसान होतं ती, खलनायक आपलं कारण सांगतो ती, आणि शेवट. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात कॉमिकचा अंक आणि पान, दुसऱ्यात सिनेमातली वेळ, तिसऱ्यात काय बदललं, चौथ्यात त्याने काय झालं. तिसरा रकाना सगळ्यांचा भरतो. चौथा रिकामा राहिला, तर त्या मुद्द्यावर तुमचं मत अजून तयार नाही असं समजा.

नमुन्यादाखल स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू घ्या. कॉमिकमध्ये तो ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ क्रमांक १२१मध्ये आहे (जून १९७३; लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन). सिनेमात तो २०१४च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’मध्ये येतो.

कॉमिकमध्ये ग्वेन पुलाच्या मनोऱ्यावर बेशुद्ध पडलेली आहे. खलनायक गॉब्लिन म्हणजे नॉर्मन ऑस्बॉर्न तिला खाली ढकलतो. स्पायडर-मॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं, आणि त्याच पॅनेलमध्ये, म्हणजे चौकटीत, तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असा आवाज लिहिलेला आहे. पहिल्या वाचनात तो सहज निसटतो. पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, तिला वर ओढतो तेव्हा आपण तिला वाचवलं म्हणून खुशीत असतो. आणि गॉब्लिन म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकायच्या आधीच मरतो. म्हणजे ती पडण्याने मेली की जाळ्याच्या हिसक्याने, हे अंक उघडं ठेवतो. पुढे क्रमांक १२५च्या पत्रांच्या पानावर संपादकांनी हिसक्याच्या बाजूने उत्तर दिलं.

सिनेमात पुलाच्या जागी घड्याळाचा मनोरा आहे, नॉर्मनच्या जागी त्याचा मुलगा हॅरी. मनोऱ्याच्या आत ग्वेन पडते, जाळं तिच्यामागे झेपावतं, ते पोचतं तोवर जमीन आलेली असते. कपड्यांपर्यंत खुणा जपल्यात: हिरवा कोट, जांभळा स्कर्ट. पण मोठा बदल त्याच्या आधीच होऊन गेलेला आहे. सिनेमातली ग्वेन शुद्धीवर आहे. पीटर नको म्हणत असताना ती स्वतःच्या मर्जीने लढाईत उतरते आणि तसं ठणकावून सांगते.

आता चौथा रकाना. कॉमिकमधली ग्वेन त्या अंकात जवळजवळ एक वस्तू आहे; तिला पळवतात, टाकतात. सिनेमाने तिला निर्णय दिला, ही कमाई. पण कॉमिकचं खरं विष होतं ते ‘वाचवणाऱ्यानेच मारलं असेल का’ या प्रश्नात. सिनेमात तो प्रश्न पातळ होतो, कारण पीटर तिथे मुख्यतः उशिरा पोचणारा माणूस वाटतो. उशीर होण्याचं दुःख मोठं असतं, पण ते वेगळं दुःख. असं लिहिलंत की सिनेमा आवडलेला आणि न आवडलेला, दोघंही पुढे बोलू शकतात. ‘पूल का नाही दाखवला’ यावर कोणी काय बोलणार? आणि पुलाचा हट्ट धरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कॉमिकमध्ये मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हणतो आणि चित्र ब्रुकलिन ब्रिजसारखं दिसतं.

बदलामागचं कारण शोधा

चाहत्यांच्या मतांत इथेच सगळ्यात जास्त तोल जातो. प्रत्येक बदल ‘दिग्दर्शकाने कॉमिक वाचलंच नाही’ या खात्यावर टाकला जातो. खरी कारणं बहुतेक वेळा याहून साधी असतात.

हक्क हे त्यांतलं पहिलं. ‘सिव्हिल वॉर’ कॉमिकमध्ये फँटॅस्टिक फोरचा रीड रिचर्ड्स आयर्न मॅनचा उजवा हात आहे. सिनेमा झाला तेव्हा फँटॅस्टिक फोर आणि एक्स-मेन यांचे चित्रपटहक्क फॉक्स स्टुडिओकडे होते, आणि स्पायडर-मॅन आला तोही सोनीशी फेब्रुवारी २०१५मध्ये झालेल्या करारामुळे. म्हणून शेकडो वीरांच्या यादवीच्या जागी विमानतळावर सहा विरुद्ध सहा.

दुसरं कारण म्हणजे त्याच मालिकेतले आधीचे सिनेमे. कॉमिकमधला नोंदणी कायदा वीरांनी आपली खरी ओळख सरकारला द्यावी, असं सांगतो. दुसऱ्या अंकात पीटर पार्कर पत्रकारांसमोर मुखवटा काढतो तेव्हा त्याला अर्थ आहे, कारण त्याने ती ओळख वर्षानुवर्षं जपली. सिनेमांच्या जगात टोनी स्टार्कने २००८मध्येच ‘मीच आयर्न मॅन’ सांगून टाकलं. लपवायला फारसं कोणाकडे काही नव्हतंच. मग कायद्याचा मुद्दा ओळखीवरून ताब्यावर गेला: वीरांना संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली आणणारा, ११७ देशांनी मान्य केलेला सोकोव्हिया करार. हा बदल टाळता येण्यासारखा नव्हता. टीका करायची तर पुढच्या पायरीवर करा. कॉमिकमध्ये कॅप्टन शरण जातो तो आपल्या लढाईने सामान्य माणसांचं काय झालं हे पाहून. सिनेमात शेवटची मारामारी स्टार्कच्या आईबापांच्या खुनावरून होते आणि कराराचा प्रश्न बाजूला पडून राहतो. इथे पेच बदलला, आणि हा बदल कोणी लादलेला नव्हता.

साधं व्यवहारी कारणही असतं. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ कॉमिकमध्ये भविष्यातून मागे जाते ती किटी प्राइड. सिनेमात वुल्व्हरिन. चाहते चिडले, पण सिनेमाला १९७३मध्ये जायचं होतं आणि तेव्हा किटीचा जन्मही झालेला नसता. वुल्व्हरिनचं वय फार हळू वाढतं. शिवाय तो तिकीटबारीवरचा चेहरा होता, हेही खरं. दोन्ही कारणं लिहा.

आणि कधी बदल फक्त जागेचा असतो. खलनायक थॅनोस ज्या चुटकीने अर्धं विश्व संपवतो, ती ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’च्या पहिल्याच अंकात वाजते आणि पुढचे पाच अंक ती निस्तरण्यात जातात. २०१८च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ या सिनेमात तीच चुटकी शेवट आहे. कॉमिकमधला थॅनोस मृत्यूच्या, म्हणजे मृत्यू नावाच्या एका स्त्रीरूपाच्या, प्रेमात पडून अर्धं विश्व संपवतो. सिनेमातला लोकसंख्या आणि अपुऱ्या साधनांचा हिशेब मांडतो. दुसरं कारण ऐकायला शहाणं वाटतं, म्हणून त्याच्यावर लगेच प्रश्न येतात: हवं ते करता येत असताना साधनंच दुप्पट का नाही केलीस? पहिल्या कारणावर असा प्रश्न येतच नाही, कारण तो वेडा प्रियकर आहे.

शेवट बदलला असेल तर

शेवटाच्या बदलाला वेगळी पद्धत लागते, कारण शेवट एकटा नसतो. त्याची मुळं आधीच्या प्रसंगांत गेलेली असतात.

‘वॉचमेन’ कॉमिकमध्ये न्यूयॉर्कवर एक प्रचंड, बनवलेला परग्रही जीव आदळतो, लाखो मरतात, आणि दोन महासत्ता घाबरून एकत्र येतात. सिनेमात तो जीवच नाही. तिथे जगभरच्या शहरांत स्फोट होतात आणि त्यांचं खापर डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी वीरावर फुटतं. तपासताना तीन प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला, जुन्या शेवटाची पेरणी किती लांब होती? कॉमिकमध्ये गायब होणारे लेखक-चित्रकार, एक बेट, जनुकांचे प्रयोग, एवढं सगळं अंकामागून अंक पेरलेलं आहे. ते ठेवायचं तर आधीच १६२ मिनिटांच्या सिनेमात आणखी वेळ हवा. दुसरा, नवा शेवट आधीच असलेल्या मालावर उभा आहे का? आहे. मॅनहॅटन पहिल्यापासून गोष्टीत आहे, लोक त्याला भितात, त्याच्यामुळे कॅन्सर होतो अशी आवई उठलेली आहे. बांधणी म्हणून सिनेमाचा शेवट उलट जास्त घट्ट. तिसरा, नवा शेवट तेच काम करतो का? इथे तो लंगडतो. मॅनहॅटन हे अमेरिकेचं शस्त्र. अमेरिकेच्या शस्त्राने मॉस्को उडवलं तर सोव्हिएत रशिया अमेरिकेच्या गळ्यात गळा का घालेल? परग्रहावरचा शत्रू कोणाचाच नसतो, म्हणून कॉमिकचा शेवट हास्यास्पद दिसूनही पटतो.

या तिन्हींची उत्तरं एकाच बाजूला झुकायला हवीत असं काही नाही. बांधणीला पैकीच्या पैकी, तर्काला निम्मे, असं लिहा.

मत कुठे घसरतं

हुबेहूब म्हणजे चांगलं, हा पहिला खड्डा. ‘वॉचमेन’ सिनेमाने कित्येक पॅनेल जशीच्या तशी उभी केली. पण कॉमिकमधली हाणामारी मुद्दाम कुरूप, आखूड आहे. सिनेमात ती संथ गतीने, चकाकत, हाडांच्या आवाजासकट येते. चौकट तीच, भाव उलटा. त्याच पुस्तकाचा पाचवा अंक आरशासारखा रचलेला आहे, पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते. हे कसब पान मागे-पुढे उलटता येणाऱ्या माध्यमाचं आहे, ते पडद्यावर आलं नाही म्हणून गुण कापू नका. सिनेमाने त्याच्या बदल्यात स्वतःचं काय दिलं ते शोधा. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत काही मिनिटांत चार दशकांचा खोटा इतिहास उभा राहतो, ते कॉमिकला त्या पद्धतीने जमलं नसतं.

दुसरा खड्डा: आपल्या लहानपणीचं कॉमिक म्हणजेच कॅनन, म्हणजे एकमेव अधिकृत गोष्ट. ‘बॅटमॅन कधीच मारत नाही’ हे छातीठोक लिहिण्याआधी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ क्रमांक २७ (मे १९३९) उघडा. बॅटमॅनचा तो पहिलाच अंक, आणि त्यात त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार अ‍ॅसिडच्या टाकीत पडतो, बॅटमॅनला त्याचं काही वाटत नाही. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो यावर रान उठलं; पण १९८८च्या ‘सुपरमॅन’ क्रमांक २२मध्ये त्याने क्रिप्टॉनचे तीन गुन्हेगार क्रिप्टोनाइटने मारले होते. म्हणून सिनेमा बरोबर ठरला असं नाही. कॉमिकने त्या हत्येचं ओझं सुपरमॅनवर पुढे अनेक अंक ठेवलं, सिनेमाने ते किती वेळ ठेवलं, ही तुलना कामाची. ‘मारतच नाही’ हे विधान मात्र चूक.

ट्रेलर आणि नटनिवडीवरचं मत वेगळ्या पानावर ठेवा, तारखेसकट. मायकेल कीटन बॅटमॅन होणार म्हटल्यावर स्टुडिओकडे निषेधाची हजारो पत्रं गेली होती. तोच २०२३च्या ‘द फ्लॅश’मध्ये परत आला तेव्हा चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. २००२च्या ‘स्पायडर-मॅन’ सिनेमात पीटरच्या मनगटातून आपोआप जाळं निघतं यावर महाभारत झालं, आणि दोन वर्षांनी कॉमिकनेच काही काळ तेच उचललं.

कुठली आवृत्ती पाहिली ते आधी सांगा

हे इतके जण विसरतात की अर्धी भांडणं दोन वेगळ्या सिनेमांवर चाललेली असतात. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ थिएटरमध्ये १५१ मिनिटांचा होता, अल्टिमेट एडिशन १८२ मिनिटांची. आफ्रिकेतल्या प्रसंगाचा धागा छोट्या आवृत्तीत नीट लागतच नाही. ‘वॉचमेन’च्या तीन आवृत्त्या: १६२, १८६ आणि २१५ मिनिटं. ‘जस्टिस लीग’ २०१७मध्ये १२० मिनिटांचा आणि २०२१मध्ये स्नायडरच्या हातचा २४२ मिनिटांचा. हे तर दोन स्वतंत्र सिनेमेच धरा.

भारतात त्यात सेन्सॉरची कात्री येते. २०२५च्या ‘सुपरमॅन’मधलं ३३ सेकंदांचं चुंबनदृश्य इथे कापलं गेलं. मूळ इंग्रजी पाहिला की हिंदी डब तेही लिहा. डबिंगमध्ये विनोद हमखास बदलतात, आणि ‘संवाद पाणचट’ हा शेरा मग नक्की कोणाला लागू आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही.

इतरांची मतं आणि आकडे वाचताना

रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. एकूण समीक्षकांपैकी किती जणांना सिनेमा एकंदर बरा वाटला, एवढंच तो सांगतो. शंभरातल्या नव्वद जणांनी ‘ठीक आहे, बघा’ म्हटलं तरी ९० टक्केच दिसणार. ६० टक्क्यांना टोमॅटो लाल होतो. सरासरी गुण वेगळे दिलेले असतात, ते बघा. प्रेक्षकांच्या आकड्यात तिकीट खरेदीची पडताळणी २०१९पासून आली. त्याआधीचे प्रेक्षकांचे आकडे सांभाळून वापरा, सिनेमा न बघता मारलेली मतंही त्यात आहेत.

सिनेमास्कोअर ही अमेरिका-कॅनडात पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्यांना विचारून दिलेली श्रेणी. पहिल्या दिवशी जातात ते बहुतेक कट्टर चाहते, त्यामुळे श्रेणी वरच असते. म्हणून ‘बी’ ही कॉमिकवरच्या मोठ्या सिनेमाला वाईट बातमी समजतात. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला ‘बी’ मिळाली आणि अमेरिकेत दुसऱ्या आठवड्याअखेरची कमाई जवळपास ६९ टक्क्यांनी कोसळली.

चाहत्यांच्या लेखी मतांत एक आणि दहा तारे देणाऱ्यांना आधी बाजूला करा. पाच ते सात तारे देणारे वाचा. त्यांनाच काहीतरी आवडलेलं असतं आणि काहीतरी खटकलेलं, त्यामुळे कारणं द्यावी लागतात.

पट्टीवरून केलेला सिनेमा: वेताळ आणि चिंटू

वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीला वरची मापं लागू होत नाहीत. ‘चिंटू’ (चारुहास पंडित, प्रभाकर वाडेकर, १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू) तीन-चार चौकटींत संपतो. त्याला शेवट नाही, खलनायक नाही, वय वाढत नाही. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२मध्ये त्यावर सिनेमा केला तेव्हा गोष्ट नव्याने रचण्यावाचून इलाज नव्हता. ‘हे पट्टीत नव्हतं’ ही तक्रार इथे फुकट. बघायचं ते हे: पप्पू, मिनी, बगळ्या एकमेकांशी तसेच वागतात का, जोशीकाकू तशाच ओरडतात का, आणि चौथ्या चौकटीतला तो कोरडा फटका दोन तास ताणलेल्या गोष्टीत कुठे उरलाय का. पट्टीतलं पोर वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, पडद्यावरचं दुसऱ्या भागापर्यंतच उंच होतं. हा तोटा कोणाच्या माथी मारता येत नाही.

वेताळाचं तर मूळच गढूळ. ली फॉकची ‘फँटम’ पट्टी, म्हणजे आपला वेताळ, फेब्रुवारी १९३६मध्ये सुरू झाली. फॉकच्या मनात पोशाख करडा होता; १९३९मध्ये रविवारची रंगीत पट्टी आली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. आपल्याकडचे वाचक त्याला भेटले इंद्रजाल कॉमिक्समधून (१९६४ ते १९९०), जिथे त्याचा मुलूख डेंकाली झाला होता. १९९६च्या सिनेमावर लिहिताना ‘मूळ’ म्हणजे अमेरिकन पट्टी की मराठी इंद्रजाल, हे पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका.

लिहायला बसल्यावर

६०० ते ८०० शब्द पुरतात. पहिले दीडशे शब्द स्पॉइलरविना, म्हणजे गोष्ट न फोडता: कशावरून घेतलाय, कुठली आवृत्ती, कॉमिक न वाचलेल्याला सिनेमा पुरेसा कळतो का, आणि एकूण मत. मग स्पॉइलरची पाटी लावा, आणि नुसतं ‘स्पॉइलर’ न लिहिता कशाचे ते लिहा: सिनेमाचे, कॉमिकचे, की पुढच्या भागात येऊ शकणाऱ्या कथेचे. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त नुकसान करतो. पहिला भाग बघून खूश झालेल्या माणसाला दुसऱ्यात कोण मरणार हे कॉमिकवाले उत्साहाच्या भरात सांगून मोकळे होतात.

पाचांपैकी दोनच प्रसंग घ्या, पण पूर्ण उलगडा. अंक, साल, शक्य तर पान द्या, म्हणजे ज्याला पटत नाही तो उघडून बघेल. नंतर निघालेल्या ट्रेड पेपरबॅकची, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकाची, पानं वेगळी असतात, त्यामुळे संग्रहातून वाचलं असेल तर अंकातलं पान मोजून द्या. लेखकाइतकंच चित्रकाराचं नाव घ्या. मराठीतच काय, इंग्रजीतही चाहते लेखकावर थांबतात, आणि सिनेमाने उचललेलं असतं ते बऱ्याचदा चित्रकाराचं काम. ‘रेटकॉन’ (जुनी गोष्ट मागाहून बदलणं), ‘रन’ (एका लेखक-चित्रकाराचे सलग अंक), ‘मल्टिव्हर्स’ (एकाच वेळी असलेली अनेक विश्वं) असे शब्द पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा. एकदा सांगितलं की पुढे बिनधास्त वापरा.

मुलांना नेण्यासारखा आहे का, हा प्रश्न तुम्ही टाळलात तरी खाली कोणीतरी विचारणारच. ‘सुपरहीरो आहे म्हणजे मुलांचा’ हा समज अजून गेलेला नाही, आणि ‘वॉचमेन’सारखा सिनेमा तर मुलांचा मुळीच नाही. प्रमाणपत्र कोणतं, रक्त किती, आणि कुठल्या प्रसंगाला डोळे झाकावे लागतील, हे एका ओळीत वरच लिहून टाका.